घराची ऊब आणि संगणकाचे गणित

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु घरातील उबेलाही इतिहास आहे. थंड देशांत हिवाळ्यात घर तापवण्यावर सामान्य कुटुंबाचा बराच पैसा खर्च होतो. म्हणूनच भिंती, छप्पर आणि खिडक्या यांतून किती उष्णता बाहेर निसटते, हा प्रश्न तेथे केवळ शास्त्रज्ञांचा नसून गृहिणीचाही आहे. आज तो संगणक काही क्षणांत सोडवतो. हे गणित संगणकापर्यंत कसे पोहोचले आणि वाटेत माणसाला कोणता धडा मिळाला, ते येथे थोडक्यात पाहू.

या विषयाची मुळे जुनी आहेत. 1701 साली न्यूटनने सांगितले की, तापलेली वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातील फरक जितका अधिक, तितकी ती वस्तू वेगाने निवते. पुढे 1822 साली फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने घन पदार्थातून उष्णता कशी वाहते, याचे गणित ग्रंथरूपाने मांडले. या पायावरच अभियंत्यांचे साधे सूत्र उभे राहिले. भिंतीचे क्षेत्रफळ, तिच्या बांधणीचा उष्णतावहनाचा अंक आणि आतबाहेरच्या तापमानातील फरक, या तिघांचा गुणाकार केला की उष्णतेची गळती मिळते.

उदाहरण घेऊ. खोलीत 20 अंश सेल्सिअस आणि बाहेर उणे 10 अंश तापमान आहे. म्हणजे फरक 30 अंशांचा. एकेरी काचेचा अंक सुमारे 5 धरला, तर 2 चौरस मीटरच्या खिडकीतून 2 × 5 × 30 म्हणजे 300 वॅट उष्णता सतत निसटते. दुहेरी काच बसवल्यास अंक सुमारे 3 होतो आणि गळती 180 वॅटवर येते. हे गणित आठवीचा विद्यार्थीही करू शकेल. मात्र पूर्ण घरासाठी प्रत्येक भिंत, छत, जमीन, दार आणि खिडकी धरून संपूर्ण हिवाळ्याचा हिशेब करायचा, तर हाताने करणाऱ्याची दमछाक होते. संगणक येथेच उपयोगी पडला.

या कामाला निकड आली ती 1973 च्या तेलसंकटाने. काही महिन्यांतच खनिज तेलाचे भाव सुमारे चौपट झाले. इंधनाची काटकसर हा पाश्चात्त्य देशांत घरोघरचा विषय झाला आणि इमारतींच्या ऊर्जेचा हिशेब करणाऱ्या संगणक आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, झपाट्याने तयार होऊ लागल्या.

परंतु याच सुमारास अमेरिकेत एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. न्यू जर्सी राज्यातील ट्विन रिव्हर्स या वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 1972 पासून काही वर्षे पाहणी केली. तेथील कित्येक घरे एकाच नकाशाची होती. तरीही काही कुटुंबांचा इंधनखर्च इतरांच्या दुप्पट निघाला! त्याहून मोठे आश्चर्य माळ्यावर होते. कागदावरील गणिताने सांगितली होती, त्याच्या कित्येक पट उष्णता माळ्यात जात होती. शोध घेता कारण सापडले. धुरांड्याभोवतालच्या फटींतून आणि दोन घरांमधील पोकळ सामाईक भिंतींतून गरम हवा थेट वर चढत होती. सूत्र चुकलेले नव्हते. फट मात्र कोणी हिशेबात घेतलीच नव्हती.

फट लहान दिसते म्हणून तिला क्षुल्लक समजू नये. 300 घनमीटर आकारमानाच्या घरातील हवा तासाला एकदा पूर्ण बदलली आणि तापमानातील फरक 30 अंशांचा असला, तर सुमारे 3000 वॅट उष्णता हवेबरोबर निघून जाते. म्हणजे वर सांगितलेल्या एकेरी काचेच्या दहा खिडक्यांइतकी!

हा धडा कॅनडात नीट अमलात आणला गेला. रेजायना शहरात हिवाळ्यात पारा उणे 30 अंशांच्याही खाली जातो. तेथे 1977 साली 'सस्कॅचवन कॉन्झर्व्हेशन हाऊस' नावाचे प्रायोगिक घर उभे राहिले. सुमारे एक फूट जाडीच्या भिंती, फटी बुजवलेले कवच आणि बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारे यंत्र अशी त्याची रचना होती. तेथील नेहमीची तापभट्टी या घरात ठेवलेलीच नव्हती. घर किती हवाबंद आहे, हे पंख्याने हवेचा दाब निर्माण करून प्रत्यक्ष मोजले गेले. या कामातील रॉब ड्यूमाँट आणि हॅरोल्ड ऑर यांनी एका सहकाऱ्यासह पुढे 1982 साली 'हॉटकॅन' ही आज्ञावली प्रसिद्ध केली. तिच्यातूनच पुढे 'हॉट 2000' घडली. जर्मनीत वोल्फगांग फाइस्ट यांच्या प्रयत्नाने 1991 साली डार्मश्टाट येथे 'पासिव्हहाऊस' पद्धतीची पहिली घरे बांधली गेली आणि 1998 साली त्यांच्या आखणीसाठी संगणकावरील कोष्टकांचा संच निघाला. वर्षाला प्रत्येक चौरस मीटरमागे तापवण्यासाठी 15 किलोवॅट-तास, म्हणजे 15 युनिट, ही त्या घरांची मर्यादा.

आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. ऊब राखण्याऐवजी ऊन बाहेर ठेवायचे आहे. परंतु सूत्र तेच. फक्त उष्णतेची दिशा बदलते. भारत सरकारने 2018 साली निवासी इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' काढली. तिच्यातही भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचाच हिशेब आहे. पत्र्याच्या छपराखाली अभ्यास करणाऱ्या मुलाला या हिशेबाचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आज तुमच्या हाती संगणक आहे. तो तुमचा गुणाकार कधी चुकवणार नाही. पण जी फट तुम्ही त्याला सांगितली नाही, ती तो स्वतः शोधणारही नाही. ट्विन रिव्हर्सच्या संशोधकांना खरे उत्तर मिळाले ते माळ्यावर चढल्यावर. तेव्हा गणित अवश्य शिका, संगणकही शिका. आणि उत्तर हाती आले की एकदा तापमापक घेऊन माळ्यावर चढण्याचे कष्टही घ्या. पालकांनीही मुलाचे उत्तर बरोबर आहे का, एवढेच विचारून थांबू नये. ते त्याने कसे पडताळून पाहिले, हेही विचारावे.