भाताचे शिवार, रसायनांचे कारखाने आणि प्रयोगवही : कर्जत–खालापूर परिसरातील उपयोजित जीवविज्ञान शिक्षणाचा ऐतिहासिक विचार

सारांश

कर्जत व खालापूर या रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील तालुक्यांत प्रयोगशाळा आधी आली आणि विज्ञानाचे महाविद्यालय नंतर आले. कर्जतचे भात संशोधन केंद्र आणि रसायनी–पाताळगंगा परिसरातील कारखान्यांच्या प्रयोगशाळा यांनी येथे प्रयोगशाळेतील कामाच्या दोन परंपरा निर्माण केल्या. महाविद्यालयीन जीवविज्ञान शिक्षण मात्र या दोन्हींपासून बऱ्याच अंशी अलिप्त राहिले. या अलिप्ततेचे मूळ अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा प्रयोगाची नोंद ठेवण्याच्या सवयीत आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : उपयोजित जीवविज्ञान, कर्जत, खालापूर, भात संशोधन, औषधनिर्मिती, प्रात्यक्षिक

प्रस्तावना

जीवविज्ञानाची पदवी घेणारा ग्रामीण विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी बहुधा एकच प्रश्न विचारतो : "सर, ह्याने लॅबमध्ये नोकरी लागते का?" प्रश्न साधा असला तरी त्यामागे एका कुटुंबाची तीन-चार वर्षांची मिळकत उभी असते. कर्जत तालुक्यातील कशेळे, कडाव वा खालापूर तालुक्यातील चौक, वावोशी या भागांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण घरातील पहिले पदवीधर होऊ घातलेले असतात. त्यांत ठाकर, कातकरी व महादेव कोळी समाजातील मुलामुलींचाही समावेश असतो. त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर या परिसरात 'लॅब' म्हणजे काय होती, ती कोणत्या कारणाने आली आणि महाविद्यालयाने तिच्याशी कोणते नाते जोडले, हे पाहणे आवश्यक ठरते. प्रस्तुत निबंधात त्या दृष्टीने विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश अमदानीत खालापूर हा कर्जत तालुक्याचाच पेटा होता. पुढे तो स्वतंत्र तालुका झाला आणि कुलाबा जिल्ह्याला १ जानेवारी १९८१ पासून रायगड हे नाव मिळाले. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा प्रदेश समुद्रापासून दूर असला तरी मुंबईपासून दूर नव्हता. रेल्वे १८५६ मध्येच खोपोलीपर्यंत पोहोचली होती आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाल्यावर कर्जत हे मुंबई–पुणे वाहतुकीतील महत्त्वाचे स्थानक बनले.

रेल्वेनंतर वीज आली. टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये, तर भिवपुरी येथील केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. वीज तयार करून झाल्यावर खोपोलीचे पाणी पाताळगंगेत आणि भिवपुरीचे पाणी उल्हास नदीत सोडले जाते. त्यामुळे या नद्यांना पावसाळ्यानंतरही पाणी राहिले. रेल्वे, वीज आणि बारमाही पाणी या तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे पुढील काळात येथे रासायनिक कारखानदारी रुजली. येथील प्रयोगशाळेच्या इतिहासाची सुरुवात मात्र कारखान्यापासून झाली नाही. ती भातापासून झाली.

कर्जतचे भात संशोधन

कर्जत येथे १९१९ मध्ये भाताच्या संशोधनासाठी केंद्र स्थापन झाले. कोळंबा, झिनिया यांसारख्या कोकणातील पारंपरिक भातांतून उत्तम लोंब्या निवडून, त्यांचे बियाणे वेगळे वाढवून शुद्ध वाण तयार करणे हे आरंभीच्या काळातील मुख्य काम होते. हे काम वरकरणी शेतकऱ्याच्या बियाणे निवडीसारखेच होते. फरक होता तो नोंदीचा. शेतकरी चांगली लोंबी डोळ्यांनी ओळखे. केंद्रावर मात्र कोणत्या रोपाचे बी, कोणत्या वाफ्यात, कोणत्या दिवशी लावले, फुलोरा कधी आला, दाणे किती भरले हे अनेक हंगाम लिहून ठेवावे लागे. एका हंगामाची नोंद चुकली तर मागील सर्व हंगामांचे श्रम संशयास्पद ठरत.

दापोली येथे १८ मे १९७२ रोजी कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. आज डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्यापीठाच्या अखत्यारीत कर्जतचे केंद्र आले. 'कर्जत' हे नाव धारण करणारे अनेक भाताचे वाण त्यानंतर कोकणभर पसरले आणि १९९८ मध्ये येथूनच 'सह्याद्री' हा संकरित वाण प्रसारित झाला.

संकरित भाताचे काम हे उपयोजित जीवविज्ञानाचे उत्तम उदाहरण आहे. भात हे स्वपरागीभवन करणारे पीक असल्याने संकर घडविण्यासाठी ज्याचे परागकण वंध्य आहेत असा वाण मादी म्हणून लागतो. ती वंध्यता टिकवून ठेवणारा दुसरा वाण आणि संकरित पिढीत जननक्षमता परत आणणारा तिसरा वाण अशी त्रिवाण पद्धती वापरली जाते. परागकण खरोखरच वंध्य आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी त्यांच्यावर आयोडीनचे द्रावण टाकून ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. पिष्ठाने भरलेला जननक्षम कण गडद रंग घेतो, वंध्य कण सुकलेला व फिकट राहतो. बारावीचा विद्यार्थी बटाट्याच्या फोडीवर ज्या आयोडीनचा थेंब टाकून निळा रंग पाहतो, तेच हे आयोडीन. ज्या मुलाने जून-जुलैत घरच्या शेतात आवण काढून लावणी केली आहे त्याला या दोन गोष्टींतील दुवा दाखवून दिला, तर त्याच्या घरातील भात आणि त्याच्या वर्गातील वनस्पतिशास्त्र एकच होते. दुर्दैवाने असा दुवा दाखविण्याची जागा अभ्यासक्रमात क्वचितच असते.

रसायनी ते पाताळगंगा : कारखान्याची प्रयोगशाळा

दुसरी परंपरा खालापूर तालुक्यात निर्माण झाली. केंद्र सरकारने १२ डिसेंबर १९६० रोजी हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कारखान्याभोवती वाढलेल्या वसाहतीला 'रसायनी' हेच नाव पडले. हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सचा कारखानाही याच परिसरात उभा राहिला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या पाताळगंगा क्षेत्रात १९८२ मध्ये रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना आणि सिप्ला कंपनीचा औषधनिर्मितीचा कारखाना सुरू झाला. औषध कारखान्यांच्या आगमनाने या परिसरातील प्रयोगशाळेचे स्वरूप बदलले. रसायनाची शुद्धता तपासणाऱ्या रसायनशास्त्राच्या पदवीधराबरोबरच निर्जंतुकता व सूक्ष्मजीवांची संख्या तपासणारा जीवविज्ञानाचा पदवीधर येथे हवा झाला.

औषधांच्या प्रयोगशाळेला कायद्याचे अधिष्ठान आहे. औषध व सौंदर्यप्रसाधन अधिनियम, १९४० आणि त्याखालील १९४५ च्या नियमांनुसार परीक्षण विभागाचा प्रमुख हा उत्पादन विभागाच्या प्रमुखापासून स्वतंत्र असावा लागतो. त्याच्याजवळ वैद्यक, विज्ञान वा औषधनिर्माणशास्त्र यांतील पदवी आणि परवाना अधिकाऱ्याला पुरेसा वाटणारा परीक्षणाचा अनुभव असणे आवश्यक असते. म्हणजेच केवळ पदवी पुरेशी नाही, हे कायद्यानेच मान्य केले आहे. याच नियमांत उत्तम प्रयोगशाळा पद्धतीविषयीची अनुसूची एल-१ समाविष्ट करण्यात आली. ती १ नोव्हेंबर २०१० पासून अमलात आली आणि मूळ निरीक्षणांच्या नोंदी, उपकरणांचे प्रमाणीकरण व नमुन्यांची साठवण यांना निश्चित स्वरूप मिळाले.

कारखान्याचा आधार शाश्वत नसतो हेही येथील इतिहासाने दाखविले. केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०१७ मध्ये हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सच्या रसायनी येथील कारखान्याचे कामकाज बंद करण्याच्या योजनेस मंजुरी दिली. ज्या कंपनीमुळे गावाला नाव मिळाले तीच तेथून गेली, नाव मात्र राहिले. एका विशिष्ट कारखान्यासाठी कामगार तयार करणे हे महाविद्यालयाचे ध्येय असू शकत नाही, हा याचा अर्थ आहे. कोणत्याही प्रयोगशाळेत उपयोगी पडेल अशी सवय विद्यार्थ्याला लागली पाहिजे.

महाविद्यालयीन शिक्षणाचा प्रवास

या परिसरातील विद्यार्थ्याला विज्ञानाच्या पदवीसाठी दीर्घकाळ बाहेर जावे लागे. कल्याण येथे १९७२ मध्ये बिर्ला महाविद्यालय सुरू झाले आणि लोकलच्या सोयीमुळे कर्जतकरांना ते जवळचे होते. आज कर्जत व खोपोली येथेही मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आहेत. म्हणजे भात संशोधन केंद्र स्थापन झाल्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ स्थानिक विद्यार्थी आणि स्थानिक प्रयोगशाळा यांच्यामध्ये महाविद्यालयच नव्हते.

दरम्यान राष्ट्रीय पातळीवर जीवविज्ञानाचे उपयोजित रूप पुढे आले. १९८२ मध्ये राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान मंडळ व १९८६ मध्ये केंद्र सरकारचा स्वतंत्र जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४-९५ पासून प्रथम पदवी स्तरावरील शिक्षणाच्या व्यावसायिकीकरणाची योजना राबविली. २०१४ मध्ये व्यावसायिक पदवीची योजना आली आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार कार्यप्रशिक्षणालाही श्रेयांक मिळू लागले. या प्रत्येक योजनेत 'कौशल्य' हा शब्द मध्यवर्ती आहे. परंतु योजना बदलल्या तरी प्रात्यक्षिकाच्या तासाला जे घडते ते फारसे बदलले नाही.

प्रयोगवहीचा प्रश्न

प्रात्यक्षिकाच्या वहीला विद्यार्थी 'जर्नल' म्हणतात. अध्यापनाच्या काळात प्रस्तुत लेखकाला सर्वाधिक ऐकू आलेला प्रश्न आहे : "सर, उत्तर किती यायला पाहिजे?" अपेक्षित उत्तर कळले की निरीक्षणे त्याला जुळवून घेतली जातात. तीन वाचने दशांशापर्यंत सारखी येतात आणि पेट्री डिशमधील वसाहतींची संख्या आधीच्या वर्षीच्या जर्नलशी जुळते. जर्नल स्वच्छ शाईत, खाडाखोड न करता, बहुधा घरी लिहिले जाते आणि स्वच्छतेसाठी गुणही मिळतात. आम्ही शिक्षकही त्यावर स्वाक्षरी करतो. या दोषाचे वाटेकरी आपण सर्वच आहोत.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत याच्या नेमके उलट अपेक्षित असते. नोंद काम होत असतानाच करावयाची, चूक झाल्यास ती वाचता येईल अशी एका रेघेने खोडून शेजारी सही व तारीख टाकावयाची, आणि अपेक्षेबाहेरचे वाचन आले तर ते लपविण्याऐवजी वरिष्ठांना कळवावयाचे. जी खाडाखोड महाविद्यालयात दोष ठरते तीच येथे प्रामाणिकपणाचा पुरावा ठरते.

नोंदीचे हे महत्त्व या क्षेत्रात नवे नाही. कर्जतहून लोकलने गाठता येणाऱ्या परळच्या प्रयोगशाळेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. वाल्देमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. तिलाच १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे या लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला व हाफकिन यांना पद सोडावे लागले. बाटली उघडताना गावातील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब पुढे महत्त्वाची ठरली. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. जमिनीवर पडलेल्या एका चिमट्याचा उलगडा होण्यास पाच वर्षे लागली. प्रयोगशाळेतील क्षुल्लक वाटणारी कृती व तिची नोंद यांवर माणसांचे प्राण आणि एका शास्त्रज्ञाची प्रतिष्ठा कशी अवलंबून असते, हे यावरून दिसते.

अलीकडचे उदाहरणही याच दिशेने बोट दाखविते. २०१३ मध्ये रॅनबॅक्सी कंपनीच्या अमेरिकी शाखेने निकृष्ट औषधे व खोटी विधाने यांबाबतचा गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. महाविद्यालयातील जुळवलेले वाचन आणि हा गुन्हा यांची बरोबरी करणे योग्य होणार नाही. तथापि उत्तर आधी व निरीक्षण नंतर ही सवय ज्या वयात लागते, ते वय आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांचे आहे, ही बाब नजरेआड करून चालणार नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. कर्जत–खालापूर परिसरात प्रयोगशाळेची परंपरा महाविद्यालयापेक्षा जुनी आहे. ती शेती व उद्योग अशा दोन प्रवाहांत वाढली.

२. हे दोन्ही प्रवाह विषयाने भिन्न असले तरी जे दिसले ते, ज्या वेळी दिसले त्याच वेळी लिहिण्याची शिस्त दोघांनाही समान आहे.

३. उपयोजित अभ्यासक्रमांची नावे व योजना बदलल्या, परंतु जर्नल लिहिण्याची पद्धत तशीच राहिल्याने पदवी व प्रयोगशाळा यांतील अंतर कायम राहिले.

४. हे अंतर कमी करण्यासाठी फार खर्चाची आवश्यकता नाही. जर्नल प्रयोगाच्या टेबलावरच लिहावे, खाडाखोडीचे गुण कापू नयेत, 'चुकलेल्या' वाचनाचे कारण शोधण्यास गुण द्यावेत आणि कर्जतच्या भात संशोधन केंद्रातील एक हंगाम विद्यार्थ्यांनी नोंदवही घेऊन पाहावा, एवढे तरी महाविद्यालयाच्या पातळीवर करता येईल.

प्रवेशाच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या त्या प्रश्नाला, "लॅबमध्ये नोकरी लागते का?" याला, निश्चित हमीचे उत्तर कोणताही शिक्षक देऊ शकणार नाही. कारखाने येतील व जातील. परंतु आलेले वाचन आहे तसे लिहिणारा पदवीधर तयार करणे आपल्या हाती आहे. त्याची सुरुवात जर्नलवर स्वाक्षरी करणाऱ्या आपल्या लेखणीपासूनच करावी लागेल.