विष्णुपुरीच्या विद्यापीठाला एका मुख्याध्यापकाचं नाव का?

नांदेडजवळच्या विष्णुपुरीतल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, ते स्वामी रामानंद तीर्थ मुळात शाळामास्तर. निजामाच्या हैदराबाद संस्थानात सरकारी माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाले आणि साध्या सभेलाही परवानगी लागे. त्यामुळे चार माणसांना एकत्र यायला शाळा हीच जागा उरली होती. हिप्परग्याला (आताचा धाराशिव जिल्हा) १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर तिथे आले, मुख्याध्यापक झाले. तिथेच संन्यास घेऊन ते रामानंद तीर्थ झाले; शिकवणं मात्र सोडलं नाही! १९३५ मध्ये ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले. १९३८ च्या स्टेट काँग्रेस सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास झाला. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली. विष्णुपुरीचं विद्यापीठही १७ सप्टेंबरलाच स्थापन झालं, १९९४ मध्ये.