शंकाविष

बदली होऊन झाशीस आलेला मराठी अधिकारी पहिल्या रविवारी किल्ला पाहतो, राणीमहाल पाहतो आणि सायंकाळी सिव्हिल लाइन्समधील आपल्या बंगल्यावर परततो. शहराशी आपले नाते इतिहासाचे, सिव्हिल लाइन्सशी मात्र केवळ नोकरीचे, अशी त्याची समजूत असते. आमचे मत थोडे निराळे आहे. मनुष्याच्या एका फार जुन्या भयाचा इतिहास वाचावयाचा असेल, तर तो किल्ल्याच्या बुरुजांपेक्षा या रुंद, सरळ रस्त्यांवर अधिक स्पष्ट वाचता येतो. ते भय शत्रूचे नव्हे, रोगाचे.

१८५८ च्या एप्रिलमध्ये सर ह्यू रोझ याने झाशी घेतली. पुढे १८६१ मध्ये शहर व किल्ला शिंद्यांकडे गेले आणि इंग्रजांचे दिवाणी ठाणे व छावणी तटबंदीबाहेर वसली. या वसाहतीस झाशी नौआबाद म्हणत. नवाबाद हे पोलीस ठाण्याचे नाव आजही त्याची साक्ष देते. १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला व मुरार शिंद्यांना परत करून इंग्रजांनी झाशी शहर पुन्हा आपल्या ताब्यात घेतले. म्हणजे पंचवीस वर्षे शहर एका राज्यात व साहेबाचा बंगला दुसऱ्या राज्यात, असा हा विलक्षण शेजार होता. राजकारणापुरते हे अंतर १८८६ मध्ये मिटले. परंतु अंतर राखण्यामागे दुसरेही एक कारण होते, आणि ते हिंदुस्थानातील सर्वच सिव्हिल लाइन्सना लागू पडते.

दाट वस्तीतील दूषित हवेतून रोग उत्पन्न होतात, अशी त्या काळच्या वैद्यकाची दृढ श्रद्धा होती. हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचा अहवाल १८६३ मध्ये निघाला. दरसाल हजारी ६९ गोरे शिपाई मरतात, हा त्यातील आकडा विलायतेत फार गाजला. मग छावण्यांच्या आखणीचे नियम आले, बराकी उंच व हवेशीर झाल्या, घराघरांमध्ये मोकळी जागा सुटली. आज ज्या प्रशस्त आवारांचे आपणांस कौतुक वाटते, त्यांच्या मुळाशी सौंदर्यदृष्टीपेक्षा भीती अधिक आहे. १८८४ मध्ये कॉख याने कलकत्त्यात पटकीचा जंतू दाखवून दिला आणि दूषित हवेचे शास्त्र ढासळले. बंगले तेवढे उभे राहिले.

पण एक रोग असा होता, की त्याला आवाराची भिंत अडवू शकत नव्हती. शिपाई स्वतःच्या पायांनी बाजारात जाऊन तो घेऊन येत असे. या गुप्तरोगांसाठी सरकारने १८६४ चा छावणी कायदा व १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा केला. वेश्यांची नावे नोंदवावयाची, ठरावीक दिवशी त्यांची सक्तीने तपासणी करावयाची, निरोगी आढळल्यास तशी नोंद करावयाची, रोगी आढळल्यास त्यासाठी काढलेल्या खास इस्पितळात कोंडावयाचे, अशी ती व्यवस्था होती. शिपायांची अशी तपासणी होत नसे, हे सांगावयास नकोच. विलायतेत या कायद्यांविरुद्ध मोठे आंदोलन झाले आणि १८८८ मध्ये हिंदुस्थानातील कायदाही रद्द झाला.

या प्रकरणातील अन्यायावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचे लक्ष त्या नोंदीकडे आहे. ‘अमुक दिवशी निरोगी’ हे शब्द त्या स्त्रीच्या समाधानासाठी लिहिलेले नव्हते. सरकारच्या समाधानासाठी होते. आरोग्याचा दाखला हा जन्मतःच दुसऱ्या कोणाला दाखवावयाचा कागद आहे. सरकारी नोकरीत शिरताना आपण सर्वांनी असा एक कागद दाखल केला आहे आणि कचेरीचे समाधानही केले आहे. परंतु ज्याच्या नावाने तो निघाला, त्याचे समाधान त्याने होतेच असे नाही.

रक्ततपासणीच्या आगमनाने हे उघड झाले. १९०५ मध्ये उपदंशाचा जंतू सापडला व १९०६ मध्ये वासरमान आणि त्याचे सहकारी यांची रक्तचाचणी प्रसिद्ध झाली. रोग नसता तो आपणांस आहेच, असे मानणारे रुग्ण युरोपातील वैद्यांना त्यापूर्वीही भेटत असत. त्या अवस्थेला त्यांनी ‘सिफिलोफोबिया’, म्हणजे उपदंशाचे भय, असे नावही दिले होते. आता रक्तच बोलू लागल्यावर हे भय नाहीसे व्हावयास हवे होते. झाले नाही. वासरमानची चाचणी हिवतापासारख्या दुसऱ्या रोगांतही कधी कधी दोष दाखवी, आणि खरा रोग असता कधी चुकवीही. जात्याच शंकेखोर मनाला एवढी फट पुरेशी होती.

महाराष्ट्रात या अंधाऱ्या कोपऱ्यात प्रथम दिवा लावला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. १९५३ मध्ये ते वारले, तोवर ते चालू होते. त्यात वाचकांच्या खाजगी प्रश्नांना छापील उत्तरे मिळत. घरात, मित्रांत, वैद्यापुढेही जे बोलता येत नसे, ते लोक या गणिताच्या प्राध्यापकाला पत्राने विचारीत आणि तो रोखठोक, भावनेचा लवलेश नसलेले उत्तर देई. अशाच उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये न्यायालयात त्यांची बाजू मांडावयास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. कर्वे हरले व दंड भरून पुन्हा मासिकाच्या कामाला लागले. उत्तरेकडे याच जातीच्या भयाला पुढे शास्त्रीय नाव मिळाले. धातू जाऊन शरीर क्षीण होत आहे, या समजुतीने झुरणाऱ्या तरुणांच्या अवस्थेस डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ म्हटले. आगगाडीतून उत्तर प्रदेशात शिरताना रुळांकडेच्या भिंतींवर कोणत्या वैद्यांच्या जाहिराती असतात, हे वाचकांस आम्ही सांगावयास नको. त्या भिंतींचा सारा व्यापार याच भयावर चालतो.

आणि मग एड्स आला. १९८१ मध्ये अमेरिकेत पहिले रुग्ण नोंदले गेले, १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू हाती लागला, १९८५ मध्ये रक्ताची चाचणी निघाली. १९८६ मध्ये मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातील पहिला संसर्ग दाखवून दिला. रोगाइतकेच त्याचे भयही शीघ्रगामी निघाले. चाचणी निघाली त्याच वर्षी लंडनच्या डॉक्टरांनी ‘मिथ्या एड्स’चे वर्णन प्रसिद्ध केले. वजन घटते आहे, रात्री घाम येतो, थकवा जात नाही, अशी एड्सची हुबेहूब लक्षणे. आणि मुळाशी केवळ भीती! ते नवल नव्हे. सततच्या चिंतेने घाम येतो, भूक मंदावते, पोट बिघडते. मानेतील गाठ दिवसातून वीसदा दाबून पाहिली, तर ती दुखू लागतेच. प्रचारपत्रकांत छापलेली लक्षणे चिंता स्वतःच निर्माण करते आणि मग पुरावा म्हणून पुढे ठेवते.

प्रचारानेही या आगीत तेल ओतले, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. १९८७ मध्ये ब्रिटिश सरकारने घरोघर पत्रके धाडली आणि दूरचित्रवाणीवर थडग्याचा दगड दाखविला. मुंबईत २००२ मध्ये बलबीर पाशा नावाच्या एका काल्पनिक इसमाला एड्स होईल काय, असा प्रश्न विचारणारे फलक चौकाचौकांत झळकले. निष्काळजी माणसाला जागे करावयास ते ठीक होते. परंतु शंकाग्रस्ताने त्या फलकावर बलबीरच्या जागी स्वतःचे नाव वाचले असेल, यात आम्हांस संशय नाही.

असे एक गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. कुटुंब मुलांच्या शिक्षणासाठी साताऱ्यास, आणि हे झाशीच्या सिव्हिल लाइन्समध्ये एकटे. दौऱ्यावर असताना परगावी घडलेली एका रात्रीची गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. तीन महिन्यांनी त्यांनी रक्त तपासविले, दोष नव्हता. येथवर त्यांचे काहीच चुकले नाही. अशा प्रसंगी तपासणी करून घेणे कर्तव्यच आहे. पण त्यानंतर त्यांनी ग्वाल्हेरला तपासविले, कानपूरला तपासविले, भोपाळला निराळे नाव सांगून तपासविले. सात अहवाल टेबलाच्या खणात कुलूपबंद. प्रत्येक अहवालानंतर चार दिवस सुखाची झोप, पाचव्या दिवशी जिभेवर पांढरा थर दिसे. दिवाळीत घरी गेले ते आपली कपबशी निराळी ठेवू लागले. दाढी करताना कापले होते, म्हणून धाकट्या मुलीला त्यांनी जवळ घेतले नाही. पत्नीला वाटले, यांचे मन आता आपल्यात राहिले नाही.

त्यांचे युक्तिवाद ऐकण्यासारखे होते. दोष आढळला तर निरनिराळ्या तीन चाचण्यांनी खात्री करतात, हे त्यांनी वाचले होते. मग माझी तपासणी एकाच चाचणीवर का थांबविली? कोणी नळ्यांची अदलाबदल केली नसेल कशावरून? दुसऱ्याच्या प्रकरणावर एका टिपणीने निकाल देणारा हा अधिकारी स्वतःचे प्रकरण मात्र कायम फेरविचारार्थ ठेवीत असे.

प्रश्न आणि उत्तर यांची येथे गाठच पडत नाही. चाचणी एवढेच सांगते, की या रक्तात संसर्गाची खूण नाही. नव्या, चौथ्या पिढीच्या प्रयोगशाळेतील चाचणीने सुमारे सहा आठवड्यांनंतर आणि केवळ प्रतिपिंडे पाहणाऱ्या चाचणीने तीन महिन्यांनंतर हे उत्तर विश्वासार्ह मानतात. आमच्या स्नेह्यांचा प्रश्न मात्र निराळा होता. आपल्या हातून जे घडले त्याची शिक्षा चुकली काय, असे ते विचारीत होते. या प्रश्नाला रक्त काय उत्तर देणार?

१९८६ मध्येच ब्रिटनमधील सालकोव्हस्किस व वॉरविक या मानसशास्त्रज्ञांनी दाखविले, की अशा माणसाला पुनःपुन्हा दिलेले आश्वासन त्याची चिंता शमवीत नाही, पोसते. तपासले म्हणून सुटलो, असा धडा मन घेते आणि पुढच्या वेळी पुन्हा तपासणी मागते. म्हणून उपचार उलट्या दिशेने चालतो. नवी तपासणी नाही, आरशात जीभ पाहणे नाही, गाठी चाचपणे नाही. जी शंका येईल ती उत्तरावाचून सोसण्याचा सराव, जाणत्या चिकित्सकाच्या देखरेखीखाली. पहिले काही आठवडे हे फार जड जाते, असे आमच्या स्नेह्यांनी सांगितले. लागल्यास औषधेही देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात ही व्याधी, पुनःपुन्हा हात धुणे, कुलूप तपासणे यांच्याच कुळात घातली आहे, ते आम्हांस योग्य वाटते.

आपल्या प्राचीनांनी या व्याधीला फार नेमका शब्द योजिला होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, विषचिकित्सेच्या तेविसाव्या अध्यायात, ‘शंकाविष’ सांगितले आहे. दाट अंधारात माणसाला काहीतरी टोचते. विषारी प्राणी चावला, या उद्वेगानेच त्याला ताप येतो, ओकारी होते, मूर्च्छा येते. चरक त्या माणसाला खोटा म्हणत नाही. तो शंकेची गणना विषप्रकरणात करतो आणि चिकित्साही सांगतो: साखर, द्राक्षे, ज्येष्ठमध, मध यांचे पान, मंत्रोदकाचे प्रोक्षण, सांत्वन आणि मन प्रसन्न करणे. सांत्वनाचा अर्थ पुन्हा पुन्हा दंश शोधणे असा मात्र तेथे कोठेही नाही.

झाशीत राहणाऱ्यांस ग्वाल्हेर-कानपूर करण्याचे कारण नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. त्यान्वये संमतीवाचून ही तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त राखावा लागतो. राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक १०९७ आहे. मनाच्या तक्रारींसाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेली-मानसचा क्रमांक १४४१६. तेथे मराठीतूनही बोलता येते. आणि कानपूर रस्त्यावर, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने १९६८ मध्ये निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयात, मानसरोगांचा विभाग आहे. आमचे स्नेही अखेर गेले ते एका मानसरोगतज्ज्ञाकडेच. सात अहवालांचा गठ्ठा त्यांनी बरोबर नेला होता. डॉक्टरांनी तो उघडला नाही.