दहा रंगांचा डाव: सावंतवाडीच्या गंजिफांचा इतिहास

बावन्न पानांचा छापील कॅट घरोघरी पोहोचण्यापूर्वी हिंदुस्थानातील बऱ्याच मोठ्या भागात पत्त्यांचा खेळ म्हणजे गंजिफा, आणि गंजिफांची पाने बहुधा गोल असत. हा खेळ इराणी संस्कृतीच्या वाटेने मोगलांबरोबर इकडे रुजला. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद बाबरनाम्यात आहे, तर अबुल फजलने आईन-इ-अकबरीत बारा रंगांच्या, म्हणजे १४४ पानांच्या, जुन्या खेळाचे वर्णन करून अकबराने त्यात केलेले बदलही सांगितले आहेत. पुढे सर्वत्र रूढ झाला तो आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगल गंजिफा. ताज, शमशेर, गुलाम, सोन्याचे व चांदीचे नाणे, हुंडी किंवा सनद, कापडचोपड आणि चंग नावाचे तंतुवाद्य ही त्याच्या रंगांची चिन्हे पाहिली, की दरबार, खजिना आणि कोठार मिळून होणारा राज्यकारभारच पानांवर उतरविलेला दिसतो.

हिंदू दरबारांनी हा सांगाडा तसाच ठेवला आणि त्यावरची चित्रे तेवढी बदलली. दशावतारी गंजिफांत आठांऐवजी दहा रंग असतात. प्रत्येक अवताराचा एक रंग, त्यात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने, असा एकूण १२० पानांचा संच होतो. राजाच्या पानावर अवताराची मूर्ती असते, साध्या पानांवर त्याचे चिन्ह तितक्या वेळा काढलेले असते: मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, परशुरामाचा परशू, रामाचा बाण. प्रदेशागणिक यात फरक पडतो. ओडिशात नवव्या स्थानी बुद्धाऐवजी जगन्नाथ येतो, आणि बंगालमधील विष्णुपूरच्या पानांची रेखाटनशैली तर कोकणातल्या पानांहून अगदीच निराळी आहे. इराणी चौकटीत विष्णूचे अवतार इतक्या सहज बसावेत, याचे नवल त्या काळच्या खेळणाऱ्यांना वाटले असेल असे मात्र दिसत नाही.

खेळ तिघांचा. दशावतारी संचातून प्रत्येकाला चाळीस पाने येतात. हुकूम, म्हणजे इतर रंगांवर मात करणारा रंग, यात नसतो. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने आणि रात्री कृष्णाचा राजा असणाऱ्याने पहिली उतारी करायची, म्हणजे डावाचे पहिले पान टाकायचे. यातील सर्वांत चमत्कारिक नियम पानांच्या मोलाचा आहे. निम्म्या रंगांत राजा व प्रधान यांच्याखाली दश्शी सर्वांत मोठी आणि एक्का सर्वांत लहान, तर उरलेल्या निम्म्यांत हाच क्रम उलटा होऊन एक्का वर चढतो आणि दश्शी तळाला जाते. हा उलटा क्रम स्पेन व इटलीतील पत्त्यांच्या काही जुन्या खेळांतही आढळतो, त्यामुळे पूर्वेकडील व पश्चिमेकडील पत्त्यांचे मूळ कुठेतरी एकत्र येत असावे, हा तर्क वावगा ठरत नाही. खेळाडूवर मात्र या नियमाचा भार मोठा पडे, कारण पडलेली पाने स्मरणात ठेवणे हाच खेळाचा गाभा होता.

महाराष्ट्रात या पानांचे नाव सावंतवाडीशी जोडले गेले. तिसरे खेमसावंत (कारकीर्द १७५५ ते १८०३) यांच्या काळात ही कला तेथे रुजली, असे परंपरा सांगते. लाखकामात मुरलेल्या चितारी कारागिरांनी ती उचलली. जुन्या पद्धतीत कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने, म्हणजे चिंचेच्या बियांच्या पिठाच्या चिकीने, एकमेकांवर चिकटवून वाळवीत. त्यावर खडूचा लेप देऊन गुळगुळीत दगडाने घोटीत. मग गोल चकत्या कापून त्या रंगवीत, बारीक रेघा खारीच्या केसांच्या कुंचल्याने ओढीत आणि शेवटी लाखेचा हात देत. पाठ एकाच रंगाची ठेवावी लागे, कारण पाठीवरचा एखादा वेगळा ठिपकाही प्रतिस्पर्ध्याला पान ओळखायला पुरेसा झाला असता. श्रीमंतांसाठीच्या नाजूक कामाला दरबारी कलम आणि साध्या गिऱ्हाइकासाठीच्या उरकत्या कामाला बाजारी कलम म्हणत. आज जाणकार दरबारी संचांवर लुब्ध होतात हे खरे, पण बाजारी कलमाच्या दोन-तीन फटकाऱ्यांत उभ्या राहिलेल्या माशा-कासवांत जो जोम आहे, तो दरबारी पानांत क्वचितच सापडतो.

स्वस्त छापील पत्त्यांपुढे हा व्यवसाय टिकणे शक्य नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत पाने रंगविणारे हात अगदी थोडे उरले होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून हे काम पुन्हा सुरू केले. सत्त्वशीलादेवींनी स्वतः जुन्या चिताऱ्याकडून ही कला शिकून घेतली. त्याच सुमारास मुंबईत रूडॉल्फ फॉन लायडन हे गंजिफा जमवीत व त्यांवर लिहीत होते. जर्मनीतून १९३३ मध्ये आलेले हे कलासमीक्षक हुसेन, रझा, आरा यांच्या प्रोग्रेसिव्ह गटाचे आरंभीचे पाठीराखे होते. आधुनिक चित्रकलेची बाजू घेणाऱ्या माणसाने बाजारी कलमाच्या पानांत रस घ्यावा यात विसंगती नाही, कारण ठळक रेषा व सपाट रंग यांचे आकर्षण दोन्हीकडे सारखेच होते. त्यांचा संग्रह पुढे जर्मनीतील पत्त्यांच्या संग्रहालयात गेला.

सावंतवाडीच्या गंजिफांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि राजवाडा पाहायला येणारा प्रवासी दरबार हॉलमध्ये कारागीर काम करताना पाहून संच विकत घेतो. या पुनरुज्जीवनाचे श्रेय मोठे आहे, तरी त्याने वाचविली ती पाने. त्यांवरचा खेळ वाचला नाही. घेणारा ती चौकटीत लावतो किंवा ढकलत्या झाकणाच्या रंगीत पेटीत ठेवून देतो, आणि उलट्या क्रमाचा नियम सांगणारा माणूस मिळणे दुर्मीळ झाले आहे. खेळायलाच हवे असलेल्या गिऱ्हाइकासाठी सावंतवाडीचे कारागीर आता इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर यांचा बावन्न पानांचा कॅटही गंजिफांच्या शैलीत हाताने रंगवून देतात.