दारावरची ओळख आणि ऑनलाइन बाजार



गेल्या वर्षी आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीला एक ताई हप्त्याचे पैसे न आणता आल्या. गटाकडून घेतलेले १२ हजार रुपये त्यांनी एका कंपनीच्या क्रीम, पावडर, लिपस्टिकमध्ये घातले होते. महिन्याचे पॉइंट भरायचे म्हणून गिऱ्हाईक नसताना माल उचलला आणि खोकी पलंगाखाली पडून राहिली. शेवटी भाच्याने मोबाईलवरून तो माल एका ऑनलाइन बाजारात कमी भावाने विकायला टाकला. थोडा खपला, थोडा परत आला, आणि मग कंपनीचं पत्र आलं. सदस्यत्व रद्द, कमिशन बंद. ताई रडवेल्या होऊन विचारत होत्या, "पैसे मोजून घेतलेला माल माझाच ना? मग तो मी कुठंही विकला तर बिघडलं कुठं?"

आम्हाला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतर माहिती काढली, तेव्हा कळलं की याच प्रश्नावर मोठमोठ्या कंपन्या कोर्टात भांडल्या आहेत. ती हकिकत आज सांगतो.

दारावरची विक्री आपल्याला नवी नाही. आपल्या आज्यांना बांगड्या भरायला कासार घरी यायचा. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण यायची. माल खराब निघाला तर पुढच्या खेपेला तिला जाब विचारता यायचा. सगळा व्यवहार ओळखीवर चालायचा.

अमेरिकेत या ओळखीचाच मोठा धंदा झाला. डेव्हिड मॅककॉनेल नावाचे गृहस्थ घरोघरी पुस्तकं विकत आणि सोबत अत्तराची छोटी बाटली भेट देत. बायकांना पुस्तकापेक्षा अत्तर जास्त आवडतं, हे त्यांच्या लक्षात आलं. १८८६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये अत्तराची कंपनी काढली आणि माल विकायला बायकाच नेमल्या. तीच पुढे एव्हॉन झाली. त्या काळी तिथल्या बहुतेक बायकांना मताचा हक्कसुद्धा नव्हता. तो देशभर मिळायला १९२० साल उजाडलं. अशा वेळी शेजारणीच्या घरी बसून चार पैसे मिळवता येणं ही लहान गोष्ट नव्हती. म्हणून या धंद्याला आम्ही सरसकट वाईट म्हणत नाही.

आपल्याकडे १९९१ नंतर बाजार खुला झाला. १९९५ मध्ये ओरिफ्लेम आली, १९९६ मध्ये मोदीकेअर सुरू झाली, १९९८ मध्ये ॲमवेने विक्री सुरू केली. पद्धत साधारण सारखीच. दुकान नाही. सदस्य बाईने सवलतीत माल घ्यायचा, ओळखीत विकायचा, आणि खरेदीच्या हिशेबाने पॉइंट मिळवायचे. गोम इथंच आहे. पॉइंट माल उचलल्यावर मिळतात, मग तो खपो वा न खपो. न खपलेला माल तिच्या घरात, त्यावरची तारीख मात्र पुढे सरकत राहते.

मग मोबाईल आला आणि असा माल ऑनलाइन बाजारात निम्म्या भावाने दिसू लागला. जी बाई दारोदार पूर्ण किमतीला विकत होती, तिलाच गिऱ्हाईक म्हणू लागलं, "मोबाईलवर तर स्वस्त आहे."

२०१६ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या. अशा कंपनीचा माल ऑनलाइन विकायचा तर तिची आधी लेखी परवानगी हवी, असं त्यात होतं. त्या आधारे ॲमवे, ओरिफ्लेम आणि मोदीकेअर दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. गोदामांच्या तपासणीचे अहवाल कोर्टापुढे आले. काही डब्यांवरचे कोड खोडलेले होते, वेष्टनात फेरफार होता. जुलै २०१९ मध्ये एका न्यायाधीशांनी कंपन्यांच्या बाजूने मनाई हुकूम दिला. पण ३१ जानेवारी २०२० रोजी दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने तो फिरवला. सूचना या फक्त सल्ला आहेत, कायदा नाही, आणि कंपनीचा सदस्याशी झालेला करार ऑनलाइन बाजाराला बांधत नाही, असं खंडपीठ म्हणालं.

मैत्रिणींनो, इथं नीट लक्ष द्या. सुटका झाली ती ऑनलाइन बाजाराची. सदस्य बाईने कंपनीशी केलेला करार तिच्या डोक्यावर राहिलाच. आमच्या ताईंनी सही केलेल्या कागदात ऑनलाइन विकायची मनाई बारीक अक्षरात होती. त्यांनी तो वाचला नव्हता, आणि कर्ज मंजूर करताना आम्हीही तो मागितला नाही. ती चूक आमची.

२८ डिसेंबर २०२१ रोजी थेट विक्रीचे नियम ग्राहक संरक्षण कायद्याखाली आले. साखळी योजनांवर बंदी आली. विक्रेतीने ओळखपत्र घेऊन, आधी वेळ ठरवूनच कुणाच्या घरी जायचं. आणि ऑनलाइन विकायचं असेल तर ई-कॉमर्सचे नियमही पाळायचे.

जीएसटीचंही लक्षात ठेवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना नोंदणीशिवाय ऑनलाइन बाजारात माल विकता येतो, पण आपल्याच राज्यात. माल राज्याबाहेर पाठवायचा तर नोंदणी लागते.

शिवाय क्रीम म्हणजे स्टीलचा डबा नव्हे. पत्र्याच्या घरात उन्हाळाभर ठेवलेलं क्रीम बिघडतं. ते लावून कुणाच्या चेहऱ्यावर पुरळ उठलं, तर तक्रारीत नाव विकणाऱ्या बाईचंच येतं. मुदत संपलेला किंवा कोड खोडलेला माल तर कुठंच विकू नका.

ताईंच्या प्रकरणानंतर आमच्या गटांनी तीन गोष्टी ठरवल्या. गिऱ्हाइकाने मागणी नोंदवल्याशिवाय माल उचलायचा नाही. कराराची प्रत आणि माल परत घेण्याची अट बैठकीत मोठ्याने वाचल्याशिवाय अशा कामाला कर्ज द्यायचं नाही. आणि माल उरलाच, तर ऑनलाइन टाकण्याआधी मुदतीच्या आत कंपनीला लेखी कळवून परत करायचा.

ताईंनी उरलेलं कर्ज शिवणकाम करून फेडलं. शेवटचा हप्ता देताना म्हणाल्या, "हे रेडिओवर सांगा. माझं नाव नका घेऊ, पण सांगा." म्हणून सांगितलं. तुमच्याही पलंगाखाली असं खोकं असेल, तर आजच त्यावरची तारीख बघा, आणि येत्या बैठकीला ते सोबत घेऊन या. लपवू नका.