प्रमाणित खादी

एकाच दुकानाच्या फळीवर खादीचे दोन तागे शेजारीं शेजारीं ठेवले, आणि दोहोंचें सूत हातानें कातलेलें व वीण हातमागावरची असली, तर अनुभवी व्यापाऱ्याच्या बोटांनाहि त्यांत फरक सांपडणें कठीण. तरीहि १९३५ नंतर त्यांतला एक 'प्रमाणित' व दुसरा 'अप्रमाणित' असूं शके. हा फरक कापडांत नव्हता; ज्या बाईनें तें सूत कातलें तिच्या पदरांत पडलेल्या पैशांत होता. अखिल भारत चरखा संघाच्या प्रमाणपत्राचा इतिहास हा बव्हंशीं ह्या फरकाचा इतिहास आहे.

संघाची स्थापना सप्टेंबर १९२५ मध्यें पाटणा येथें झाली. राष्ट्रसभेचें तें एक अंग खरें, पण कारभारांत त्यास स्वतंत्र अधिकार दिलेले होते. अध्यक्षपद गांधीजींकडे व खजिनदारी जमनालाल बजाज यांजकडे होती. त्या वेळीं पहिली अडचण नांवाची होती. खादीस मान मिळूं लागतांच गिरण्यांचें जाडेंभरडें कापडहि खादी म्हणून बाजारांत येऊं लागलें. संघाच्या शाखांनीं देशभरचें सर्व उत्पादन स्वतः करणें शक्य नव्हतें. खासगी संस्था व व्यापारी यांची मदत घ्यावीच लागे. तेव्हां जो संघाच्या अटी मान्य करील त्यास प्रमाणपत्र द्यावें, असा मार्ग निघाला. दुकानांत शुद्ध खादीच ठेवावी, गिरणीच्या कापडाची तींत भेसळ करूं नये, भाव व नफा मर्यादेंत राखावा, आणि हिशेब संघाच्या तपासनिसापुढें उघडे ठेवावे, हें त्या अटींचें साधारण स्वरूप. प्रमाणपत्र घेण्याची सक्ती कोणावर नव्हती. घेतल्यावर मात्र बंधन होतें.

नांवाचा प्रश्न पुढें कायद्यानेंहि हातीं घेतला. मध्यवर्ती कायदेमंडळानें १९३४ सालीं खद्दर व खादी या नांवांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि हातानें कातलेल्या व हातानें विणलेल्या कापडासच तें नांव राखून ठेवलें. पण सूत कोणत्या मजुरीवर कातलें, याची चौकशी त्या कायद्यांत नव्हती. ती करण्याचें काम ज्यास कायद्याचा आधार नव्हता अशा प्रमाणपत्रावर येऊन पडलें.

याचें कारण पहिल्या दहा वर्षांच्या धोरणांत सांपडतें. गिरणीच्या कापडापुढें टिकाव धरण्यासाठीं खादी स्वस्त करण्याची धडपड चालली होती, आणि त्या धडपडींत यशहि आलें. परंतु ही स्वस्ताई कोणाच्या शिरावर उभी होती? पिंजारी व विणकर यांस आपापल्या धंद्याची कांहीं तरी बाजू होती. कातणारी बाई घरांत एकटी बसलेली, दुसरें काम नाहीं म्हणून कातणारी. दिवसभर चरखा फिरवून तिला एखाद-दुसरा आणा मिळे. शहरांतला देशभक्त जी खादी अभिमानानें अंगावर घाली, तिच्या किंमतींतला सर्वांत बारीक हिस्सा तिचा होता. इतर मालकांच्या नफ्यावर टीका करणाऱ्या संघास हें फार काळ डोळ्यांआड करतां येण्याजोगें नव्हतें.

१९३५ मध्यें गांधीजींनीं आठ तासांच्या कातण्यास आठ आणे मिळावे, असा विचार मांडला. सहकाऱ्यांस तो धक्काच होता. एकदम एवढी वाढ केल्यास खादी विकणार कोण, ही त्यांची शंका अनाठायीं म्हणतां येत नाहीं. वर्ध्याजवळ नालवाडीस विनोबांनीं त्याच सुमारास स्वतः आठ तास कातून, होईल तेवढ्याच मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग चालविला. कातणारणीचें जिणें काय आहे तें कोष्टकांतून समजत नाहीं, हें त्यामागचें तत्त्व. ऑक्टोबर १९३५ मध्यें वर्ध्यास भरलेल्या संघाच्या सभेनें आठ आण्यांचा आंकडा घेतला नाहीं, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट केली. मजुरीचें माप बाजारभाव नसून माणसाची गरज होय, असें ठरविलें. आठ तासांच्या चांगल्या कामाबद्दल शास्त्रानें सांगितलेला किमान आहार व वर्षाचें वीस वार कापड मिळेल इतकी तरी मजुरी असावी, असा तो दंडक होता.

त्याबरोबर प्रमाणपत्राचा अर्थच पालटला. आतां प्रमाणित संस्थेला वस्त्राची शुद्धता दाखवून भागेना. ठरलेल्या दरानें मजुरी दिल्याचा पुरावा तिच्या वह्यांत असावा लागे. सुताची गुंडी ६४० तारांची व तार चार फुटांचा. गुंडीचा अंक, समानता व मजबुती पाहून दर ठरे. कातणाऱ्या कुटुंबांनीं स्वतःहि खादी वापरावी, असा आग्रह धरण्यांत आला. ज्यानें अंगावर कधीं खादी घेतली नाहीं त्यानें दुसऱ्यासाठीं सूत कातीत राहावें, हें संघास पसंत नव्हतें. यांत थोडी जबरदस्ती होती, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

भाव चढले. ज्यांनीं अटी पाळल्या त्यांच्या शेजारींच, न पाळणारे व्यापारी त्याच मुलखांतलें सूत जुन्या दरानें उचलून तीच खादी स्वस्त विकूं लागले. नांवाच्या कायद्यानें त्यांस अडवतां येईना, कारण त्यांची खादीहि खादीच होती. संघाच्या हातीं प्रमाणपत्र काढून घेण्यापलीकडे उपाय नव्हता, आणि ज्यानें तें मागितलेंच नाहीं त्याचें काय काढून घेणार? सगळी मदार गिऱ्हाइकावर येऊन ठेपली. टोपी पांढरी दिसली म्हणजे झालें, असें मानणाऱ्यांस दोन पैसे कमी देऊन काम भागत होतें. विक्री घटली तरी चालेल, ही गांधीजींची तयारी होती. पण विक्री घटली कीं जिचें काम जाई ती कातणारीणच असे, हा पेंच त्यांत राहिलाच. थोड्यांना पुरेसें कीं पुष्कळांना अपुरें, हा प्रश्न संघास शेवटपर्यंत सुटला असें दिसत नाहीं. नेदरलंड्समध्यें मेक्सिकोच्या शेतकऱ्यांस रास्त भाव दिल्याची खूण कॉफीवर १९८८ मध्यें उमटली, तेव्हां तेथील गिऱ्हाइकांपुढें जवळजवळ हाच प्रश्न आला.

१९४५ मध्यें संघानें आणखी पुढचें पाऊल टाकलें: खादी विकत घेणाऱ्यानें किंमतीचा कांहीं भाग सुताच्या रूपानें द्यावा. पैसे मोजून मोकळें होणाऱ्या शहरवासीयांना हें रुचलें नाहीं, यांत नवल नाहीं.

स्वातंत्र्यानंतर संघ सर्व सेवा संघांत विलीन झाला, आणि १९५६ च्या कायद्यान्वयें स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाकडे खादीच्या प्रमाणपत्राचें काम आलें. २०१३ च्या खादी मार्क नियमावलीनें खादी म्हणून विकावयाच्या मालावर ती खूण आवश्यक केली, म्हणजे स्वेच्छेचें प्रमाणपत्र नियमाच्या कक्षेंत गेलें. कातण्याचा दर आयोग ठरवितो. आतां गुंडी एक हजार मीटरांची आहे; २ ऑक्टोबर २०२४ पासून तिच्या कातण्याचा दर दहा रुपयांवरून साडेबारा रुपये करण्यांत आला.