काचपेटीतला समुद्र

१८४६ साली ॲना थिन नावाच्या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून थोडे जिवंत प्रवाळ लंडनला आणले. घर शहराच्या मध्यावर, समुद्र दूर. भांड्यातले खारे पाणी शिळे होऊ नये म्हणून मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी रोज अर्धा-पाऊण तास या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. चहा निववताना आपला हात दोन मिनिटांत भरून येतो. त्या पोरीच्या खांद्यांचे काय झाले असेल कोण जाणे! पुढे बाईंनी पाण्यात समुद्री वनस्पती सोडल्या, प्राणवायूची सोय झाली आणि खाऱ्या पाण्याचा संसार घरात मांडता येतो हे सिद्ध झाले.

परंतु वनस्पती आली की तिची आगंतुक भावंडेही येतात. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाला १८४९ साली हाच अनुभव आला. त्याने गोड्या पाण्याच्या पात्रात दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पती ठेवली होती. पाने कुजली, काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला, पाणी गढूळ झाले. तळ्यात हे काम कोण करते, असा विचार करून त्याने पाच-सहा गोगलगायी आत सोडल्या. त्यांनी सगळी घाण फस्त केली; वर त्यांची अंडी माशांना खाऊ झाली! पुढे खाऱ्या पाण्यासाठीही त्याने हीच युक्ती योजली, फक्त गोगलगायी समुद्रातल्या घेतल्या. १८५४ साली फिलिप गॉसने यावर पुस्तक लिहिले आणि इंग्लंडात घरोघरी दिवाणखान्यात काचपेट्या आल्या. काचेवरचा कर १८४५ सालीच उठला होता, हेही त्याचे एक कारण. दहा-पंधरा वर्षांत ही हौस ओसरली.

शेवाळाचे मर्म पकडले ते विल्यम लॉइड या गृहस्थाने. त्याने १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालय उभारले, तेव्हा दिसणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट पाणी जमिनीखाली काळोखात साठवले आणि ते अखंड फिरते ठेवले. काळोखात शेवाळ वाढत नाही, हे साधे गणित.

आम्हां पोलादपूरकरांना शेवाळाची ओळख करून द्यायला नको. आषाढ लागला की पाखाडीच्या पायऱ्यांवर आणि विहिरीच्या काठावर हिरवा गालिचा पसरतो आणि दरसाल कोणाचे ना कोणाचे तरी कंबरडे मोडते. आपण खराट्याने घासतो, चुना टाकतो. पेटीत चुना टाकला तर मासेच जायचे.

मुंबईत राहणारा माझा एक जुना विद्यार्थी गणपतीत गावी आला होता. खाऱ्या पाण्याची पेटी बाळगून आहे. "गुरुजी, रोज खरवडतो, तरी आठवड्यात पुन्हा हिरवे!" मी म्हटले, "अरे, भातखाचरात युरिया टाकलास तर तण वाढणार नाही का?" माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट, अर्थात खतच, त्यात डोक्यावर दहा-बारा तास दिवा. खाणे कमी करावे, दिव्याचे तास कमी करावे, थोडे पाणी नेमाने बदलावे. त्यात नळाचे नको, क्षार काढलेले शुद्ध पाणी घेऊन मीठ मिसळावे. नव्या पेटीत तपकिरी थर येतो, तो बहुधा आपोआप जातो. लालसर चिकट पापुद्रा मात्र खरे शेवाळ नव्हेच. ते जिवाणूंचे काम.

१९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर पेट्या चालवण्याची रीत छापून प्रसिद्ध केली. आपल्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीच उघडले होते. पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर ॲडी यांनी उलटीच युक्ती काढली. शेवाळ नको ना? मग शेजारच्या पन्हळीत मुद्दाम भरपूर वाढवा आणि कापून टाका. पेटीतल्या शेवाळाला खत उरतच नाही. मला ही युक्ती फार आवडली.

पण कापलेले टाकायचे कुठे? कॉलर्पा नावाची एक देखणी हिरवी वनस्पती मत्स्यालयांत हौसेने लावत. १९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली, समुद्रात तिचा जेमतेम चौरस मीटरभर पट्टा दिसला. ती विषारी, म्हणून मासे तिला तोंड लावीनात. तिच्या एवढ्याशा तुकड्यापासून नवे रोप फुटते. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत तिने भूमध्य समुद्राचा हजारो हेक्टर तळ व्यापला. २००० साली ती कॅलिफोर्नियाच्या दोन खाड्यांत सापडली. तिथे ताडपत्र्यांखाली झाकून क्लोरीन सोडावा लागला आणि २००६ साली उच्चाटन जाहीर होईपर्यंत लाखो डॉलर खर्ची पडले.

आमची सावित्री पोलादपूर, महाड करीत बाणकोटच्या खाडीला मिळते. इथल्या एखाद्या घरची पेटी ओढ्यात रिकामी केली तर पाणी तिकडेच जाणार. माझा विद्यार्थी आता खरवडलेला गोळा गच्चीवर पत्र्यावर पसरतो. ऑक्टोबरच्या उन्हात तो दोन दिवसांत कडकडीत वाळतो; मग कचऱ्याच्या डब्यात.